मदत हवी आहे: अमेरिकेतली परवडणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने कशी शोधावीत?

पाटीपेन्सिल
भाचीला पदवीसाठी अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (जिथे एका विषयाबरोबर इतर अनेक विषय शिकता येतात आणि भर पदवीच्या शिक्षणावर असतो) जायचं आहे. विषय अर्थशास्त्र की तत्त्वज्ञान, ते अजून ठरत नाही. मार्क चांगले आहेत. घरून फी, राहणं, जेवण सगळं धरून वर्षाला फार तर २०,००० डॉलर निघतील. कॉलेजांच्या साइटवर मात्र ८०-९० हजारांचे आकडे दिसतात. "स्वस्त कॉलेजं" म्हणून ज्या याद्या फिरतात त्या परदेशी मुलांना लागू पडतात का? सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

टाकसाळ
त्या याद्या बाजूला ठेवा. त्यातला "सरासरी खर्च" बहुतेक वेळा सरकारी मदत मिळणाऱ्या अमेरिकन मुलांचा असतो. परदेशी विद्यार्थ्याला तिथली सरकारी मदत मिळत नाही. जे काही मिळेल ते कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून. त्यामुळे छापील फी कमी असलेलं पण मदत न देणारं कॉलेज तुम्हाला ९० हजारवाल्यापेक्षा महाग पडू शकतं.

अ‍ॅमहर्स्ट, बोडन आणि वॉशिंग्टन अँड ली ही कॉलेजं परदेशी अर्जदारालाही "नीड-ब्लाइंड" वागवतात, म्हणजे पैसे मागितलेत हे प्रवेश ठरवताना बघत नाहीत, आणि गरज, म्हणजे एकूण खर्चातून कॉलेजच्या हिशेबाने घरून निघू शकणारी रक्कम वजा करून उरते ती, पूर्ण भागवतात. अर्थात तिथे जगभरातून झुंबड असते.

तुमच्या बजेटला खरा आधार "नीड-अवेअर" कॉलेजांचा: ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, माउंट होलिओक, स्मिथ, व्हॅसर, बेट्स वगैरे. मदत मागितली की इथे प्रवेश अवघड होतो, पण घेतलं तर ठरलेली गरज पूर्ण भागवतात. वूस्टर, डेनिसन, लॉरेन्स, नॉक्स यांसारखी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारीही आहेत, पण ८५ हजारांतून ३५-४० हजार सुटले तरी तुमचं गणित बसत नाही. तिथे फक्त मोठ्या, स्पर्धेच्या शिष्यवृत्त्यांसाठीच अर्ज करा.

केंटकीतलं बेरिया वेगळं प्रकरण आहे: ट्यूशन फी नाही, पण प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास कॉलेजचं काम करावं लागतं. परदेशी जागा मोजक्या.

चिकित्सक
टाकसाळ यांच्याशी सहमत. भर घालतो, कारण नावं वाचून कॉलेज निवडण्यापेक्षा तपासायची पद्धत माहीत असणं बरं.

कॉलेजचं नाव आणि पुढे "कॉमन डेटा सेट" (कॉलेजं स्वतःची आकडेवारी ठरावीक नमुन्यात देतात तो दस्तऐवज) असं शोधा. पीडीएफमध्ये बी२ तक्त्यात परदेशी म्हणजे "नॉन-रेसिडंट" पदवी विद्यार्थ्यांचा एकूण आकडा असतो. मग एच६ वर जा: त्यातल्या किती जणांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती. समजा बी२ मध्ये २४०, एच६ मध्ये २१० आणि सरासरी ५८ हजार. म्हणजे आठातल्या सात जणांना भरघोस मदत. दुसरीकडे २४० पैकी ६० जणांनाच, सरासरी १८ हजार, असं दिसलं तर माहितीपत्रकात कितीही हसरे चेहरे असोत, ते कॉलेज यादीतून काढा. एच६ चा आकडा चारही वर्षांच्या मुलांचा असतो, हे तुलना करताना ध्यानात ठेवा. कोणते फॉर्म लागतात ते एच७ मध्ये असतं.

बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देऊन मदत मागायचा ऑनलाइन फॉर्म, लागतो: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आठ कॉलेजांचे १३७ झाले. जड जात असेल तर फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाला ईमेल करून फी माफीचा कोड मागा. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आकडे आपल्याच चलनात भरायचे. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात महिन्याचा पगार टाकणं ही नेहमीची चूक, आणि मग कागदपत्रं जुळत नाहीत म्हणून फाइल अडकते. ग्रिनेल, कोल्बी, स्मिथ यांना अर्जाची फी नाही.

पाटीपेन्सिल
दोघांचेही आभार! पहिल्या वर्षी पैसे न मागता प्रवेश घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षापासून मदत मागायची, असं एकाने सुचवलंय. चालेल का?

टाकसाळ
अजिबात नको. अनेक कॉलेजांचा लेखी नियम आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं मिळणार नाही. शिवाय आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) साठी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कागदावर दाखवावी लागते.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे इतरांआधी करायचा अर्ज एकाच कॉलेजला आणि तो बंधनकारक: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं, पण बाकीच्यांच्या ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत.

गणकचूडामणी
चार वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय कुठल्याही ऑफरला होकार देऊ नका. गुणवत्ता शिष्यवृत्ती सहसा ठरावीक रकमेची असते, खर्च मात्र दरवर्षी चढतो. धरा एकूण खर्च ८४,०००, शिष्यवृत्ती ३५,०००, वाढ ४ टक्के. पहिल्या वर्षी खिशातून ४९,०००, चौथ्या वर्षी जवळजवळ ५९,५००. चार वर्षांत १,९६,००० नव्हे, सुमारे २,१६,७०० जातात. गरजेवरची मदत खर्चाबरोबर वाढते का, हे लेखी विचारून घ्या.

दुसरा खड्डा कराचा. ट्यूशन आणि सक्तीच्या फीपुरती शिष्यवृत्ती करमुक्त. राहण्याजेवणासाठी मिळालेला भाग करपात्र. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असलेल्याच्या त्या भागावर सहसा १४ टक्के कापले जातात. १८,००० डॉलर असतील तर २,५२०, आणि ते सत्राच्या बिलात येऊन बसतात. दोन देशांतल्या करारामुळे सूट मिळू शकते, आणि १०४०-एनआर (परदेशी व्यक्तींचं अमेरिकन कर विवरणपत्र) भरल्यावर काही परतही मिळतं. आरोग्य विमा आणि सुट्ट्यांत वसतिगृह बंद असतानाचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, तेही बघा. कॅम्पसवरच्या नोकरीला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ती कमाई हप्त्याहप्त्याने हातात येते, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीचं बिल तिच्यातून भागत नाही.

चिकित्सक
राहिलंच: अपरिचित छोट्या कॉलेजची आर्थिक तब्येत पाहा. वेल्स आणि बर्मिंगहॅम-सदर्न ही दोन्ही २०२४ मध्ये बंद पडली. अमेरिकेचं शिक्षण खातं खासगी कॉलेजांना उणे १ ते ३ असा गुणांक देतं, १.५ आणि वर ठीक. गेल्या काही वर्षांत तो घसरत आलेला असेल तर शिष्यवृत्ती मोठी असली तरी मी ते नाव ठेवणार नाही.

पाटीपेन्सिल
आठ नावांचा तक्ता करतो: बी२, एच६, गुणांक, चार वर्षांचा खर्च. भरून झाला की इथेच टाकतो, जरा नजर टाका.

गणकचूडामणी
टाका. अर्थशास्त्र ठरलंच तर आणखी एक रकाना वाढवा: तिथला अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून नोंदलाय का. नोंदलेला असला तर शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडता येतात.