मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलगा आमच्या युवा गटात यायचा थांबला आहे, त्याला परत कसं बोलावू?

नमस्कार. पोस्ट मोठी आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी १४ ते १९ वयाच्या मुलामुलींचा एक गट चालवते. आम्ही तिघं कार्यकर्ते, मुलं वीसेक. आठवड्यातून एकदा दोन तास भेटतो. नाटक, चर्चा, छोटे प्रकल्प करतो. त्यातला १६ वर्षांचा एक मुलगा ऑटिस्टिक आहे. आम्हा तिघांना हे त्याच्या संमतीने त्याच्या आईने सांगितलं. गटात कुणाला सांगायचं नाही, ही त्याची अट.

सगळं छान चाललंय असं मला वाटायचं. तो दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, बाहीची कड बोटांनी गुंडाळत राहायचा, आणि प्रकाशयोजनेचा विषय निघाला की असं बोलायचा की बाकीचे वह्या काढायचे. घरी गेल्यावर मात्र तो रात्रीपर्यंत कुणाशी बोलत नसे, हे आता कळलं. दोन तास इतरांसारखं दिसण्यात त्याची सगळी शक्ती संपत होती. याला मास्किंग म्हणतात, हा शब्दही मला नवीनच.

दीड महिन्यापूर्वी माइक जोडताना स्पीकरमधून कर्कश शीळ निघाली. आम्ही कान झाकले आणि विसरून गेलो. तो टेबलाखाली गेला. माझ्या सहकाऱ्याने अगदी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो किंचाळला. दोन मुलं हसली. मी आपली "काय झालं, बोल ना" म्हणत राहिले. अशा वेळी बोलणंच बंद होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "ताई, मला राग आला नव्हता. आवाज थांबत नव्हता आणि त्यात हात आला."

तो मेसेज मी कितीदा वाचला असेन. मग वाचन सुरू केलं. आवाज, उजेड, स्पर्श नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे २०१३ च्या डीएसएम-५ या, डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांतच आहे. मी त्याला हळवेपणा समजत होते. आम्ही सत्राचा क्रम आदल्या दिवशी पाठवायला लागलो, शेजारची खोली शांत ठेवली, गोलात उभं राहून बोलायच्या खेळातून त्याला सूट दिली. त्यानंतर तो दोनदा आला. दुसऱ्या वेळी एका मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "त्याला सूट, मग मला का नाही?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्याने मान खाली घातली. तेव्हापासून तो आलेला नाही.

त्याचं गुपित न फोडता गटाला काय सांगू? आणि दडपण न आणता त्याला कसं बोलावू?

अवांतर: गटात एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जातं ती स्थिती) असलेली एक मुलगीही आहे. टिपणं काढायचं काम दर वेळी अर्धवट राहायचं, म्हणून तिला बेजबाबदार ठरवून झालं होतं. रंगमंचामागची धावपळ तिच्याकडे दिली, तर एकही वस्तू चुकली नाही. म्हणून आशा सोडवत नाही.

प्रतिसाद

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३१. त्या मुलीचा प्रश्न रास्त होता. "सूट" हा शब्दच काढून टाका. शांत खोली, "मी पास" म्हणायची मुभा, बोलण्याऐवजी लिहून उत्तर, हे सगळं सगळ्यांना खुलं करा, कारण न विचारता. मग तो वेगळा दिसणार नाही आणि तुम्हाला खुलासाही करावा लागणार नाही. मला त्या वयात हेच हवं होतं. सगळ्यांच्या नजरा वळवून दिलेली मदत नको वाटायची.

दुसरं, डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. त्यामुळे फक्त त्यालाच वागायला शिकवून भागणार नाही. हसलेल्या मुलांशी बोला, पण निदानाचा विषय न काढता. कुणी घाबरलेलं असताना हसायचं नाही, एवढं पुरे.

"का येत नाहीस?" असं विचारू नका. मोकळा प्रश्न फार जड जातो. नेमके पर्याय लिहून द्या. आणि हाताबद्दल माफी मागा.

धागाकर्ती

मनापासून आभार. माफीचं मला सुचायलाच हवं होतं. सहकाऱ्याशी बोलले, तो स्वतः वेगळं लिहिणार आहे. मी हे पाठवू का?

"त्या दिवशी तुला न विचारता हात लावला गेला आणि मी प्रश्न विचारत राहिले. दोन्ही चुकलं, माफ कर. या शनिवारपासून शांत खोली आणि 'पास' सगळ्यांसाठी आहे. माइक नसेल. तू पूर्ण वेळ येऊ शकतोस, शेवटचा अर्धा तास प्रकाशयोजनेसाठी येऊ शकतोस, किंवा घरूनच आराखडा पाठवू शकतोस. नाही आलास तरी तुझी जागा आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पुन्हा तसं काही झालं तर आम्ही काय करावं, हे कधी लिहावंसं वाटलं तर लिही."

"तुझी जागा आहे" यात दडपण वाटतं का? गुरुवारी रात्री पाठवायचा विचार आहे, त्याआधी सांगा.