मदत हवी आहे: पॉलिशच्या वेळी अकीकांना टवके जातायत, बॅरलमध्ये काय घालू?

माझ्याकडे छोटा रोटरी टम्बलर आहे, म्हणजे दगड, पाणी आणि घासायची पूड घातलेलं बंद पिंप (बॅरल) फिरवत ठेवणारं यंत्र. सिन्नरकडच्या नाल्यांत वेचलेले अकीक (अ‍ॅगेट) आणि गारगोट्या त्यात घालतो. ८०, २२० आणि ५०० ग्रिटपर्यंत (आकडा जितका मोठा तितकी घासायची पूड बारीक) सगळं छान झालं, पण शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पॉलिश पुडीने आठवडाभर फिरवल्यावर चमक आली ती धुरकट. भिंगातून पाहिलं तर कडांना नखाच्या टोकासारख्या बारीक पांढऱ्या चंद्रकोरी! दगड एकमेकांवर आपटतायत, हे उघड आहे. घासून घासून ते झिजले आणि बॅरल जेमतेम अर्धं उरलं, ही चूक माझीच. दोनतृतीयांश तरी भरलेलं हवं होतं.

आता जागा कशाने भरू? सातपूरला मोल्डिंगवाल्याकडे प्लॅस्टिकचे दाणे किलोवर मिळतात, पण ते पाण्यावर तरंगतात. मग दगडांच्या मध्ये राहतात का? सिरॅमिकचे बारीक तुकडे बुडतात, पण मुळात कडकच, त्यांची मला जरा धास्ती वाटते. कोणी म्हणतं दोन चमचे साखर घाल, पाणी दाट होतं आणि दगड हळू पडतात. उन्हाळ्यात ते आंबून झाकण उडालं तर? (बॅरल आईच्या देवघराच्या भिंतीला लागून आहे.)

आणि २२० ग्रिटला वापरलेले प्लॅस्टिकचे दाणे धुऊन पॉलिशला चालतील का? माझ्या मते नाही, खरखरीत कण त्यांत रुतून बसतात. नवीनच घ्यावेत ना?

नाशिकमध्ये कोणी हे करत असेल तर प्रमाणासकट सांगा.