कॅटमरान शर्यतीत टेदर: हुक अडकवायचा की नाही?

मेधा_ऑकलंड: "उलटणाऱ्या बोटीला स्वतःला बांधून घेणं म्हणजे बुडायची तयारी" असं परवा इथे कोणीतरी लिहिलं आणि बऱ्याच जणांनी ते उचलून धरलं. मला राहवलं नाही. मोठी कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) एकदा उलटली की परत सरळ होत नाही, कबूल. म्हणून टेदर (अंगातल्या हार्नेसला बोटीशी जोडणारा हुकाचा पट्टा) न लावता मोकळं राहायचं? २० नॉटला बोट सेकंदाला १० मीटर पळते. माणूस पडला, कोणीतरी ओरडलं, शीड उतरवलं, यात एक मिनिट गेलं तर तो ६०० मीटर मागे. फुटणाऱ्या लाटांत एवढ्या अंतरावरचं डोकं दिसतं का कोणाला? मी इथल्या कोस्टल क्लासिक शर्यतीला क्रू म्हणून जाते. केप ब्रेटपाशी एक लाट दोन सांगाड्यांमधल्या नेटवरून अशी आली की पाय उचलले गेले. टेदर ताणला गेला आणि मी नेटवरच राहिले.

रेवदंडेकर: ताई, अँड्र्यू सिम्पसन विसरलात? २०१३, सॅन फ्रान्सिस्को, ७२ फुटी कॅटमरान उलटली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता बोटीखाली अडकून गेला. वर नेट, अंगात फुगलेलं जॅकेट, अंधार. त्यात हुक कुठे शोधणार?

मेधा_ऑकलंड: ती उपसागरातली बोट होती, आणि त्याला टेदरनं अडकवलं नव्हतं. उलट, खोल समुद्रात बोट उलटल्यावर लोक तिच्या पालथ्या तळावरच बसून राहतात. तिथे लाटेनं नेऊ नये म्हणून पुन्हा टेदरच लागतो.

रेवदंडेकर: मग २०११ ची 'लायन' घ्या. इंग्लिश खाडीतली शर्यत, स्किपर टेदरला बांधलेला, तसाच बाहेर गेला आणि बोटीच्या कडेनं ओढला जाऊन बुडाला. तीही एका सांगाड्याची, तुमच्या कॅटपेक्षा कितीतरी हळू बोट. पाण्याचा ओढा वेगाच्या वर्गानं वाढतो: ६ नॉटचे २० झाले की ११ पट.

मेधा_ऑकलंड: म्हणूनच तर आखूड टेदर! नियमात कमाल २ मीटर, पण कामाचा १ मीटरचा. जॅकलाइन (टेदरचा हुक अडकवायची डेकवरची दोरी) कडेनं नाही, मधून ओढायची, म्हणजे पडलात तरी डेकवरच पडाल.

शॅकल: दोघंही लांबीवरच अडलात. २०१७ मध्ये जगप्रदक्षिणेच्या क्लिपर शर्यतीत सायमन स्पायर्स अडकवलेलाच होता. हुक क्लीटखाली (दोर गुंडाळायच्या डेकवरच्या खुंटीखाली) अडकला, आडवा ताण बसला, हुक वाकून सुटला आणि माणूस गेला. कुठे अडकवता तेही बघा.

तांडेलाचा_नातू: वा! कार्बनच्या बोटी, स्टीलचे हुक. आमच्या बंदरातून सुटणाऱ्या किती बोटींवर खलाशी जॅकेट अंगात घालतो? ते केबिनच्या छपराला बांधलेलं असतं, तपासणीपुरतं. आजोबा वादळात पोरांना डोलकाठीच्या बुंध्याला नायलॉनच्या दोरीनं बांधायचे. पाठीला वळ उठायचे, पण पोरं घरी यायची.

शॅकल: धागा शर्यतीचा आहे. मच्छीमारीचा वेगळा काढा.

तांडेलाचा_नातू: का काढू? कंबरेला दोरी बांधली की माणूस मधोमध दुमडतो, बरगड्या मोडतात. छातीचा हार्नेस असता तर आमच्या शेजारचा मुलगा आज बसून जेवला असता. तुम्हाला शर्यत दिसते, आम्हाला पोटापाण्याचा दर्या दिसतो.

मेधा_ऑकलंड: दादा, तुमचं खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. दोरी हवीच, पण ती छातीला आणि ताण असतानाही हातानं उघडता येणाऱ्या शॅकलची (कडीची) हवी.

रेवदंडेकर: शर्यतीतला खलाशी जॉन फिशर, २०१८, दक्षिण महासागर. पुढे जायला त्यानं हुक सोडला, त्याच वेळी क्रॅश जाइब झाला (शीड अचानक एका बाजूहून दुसऱ्या बाजूला आपटलं) आणि मेनशीटनं, म्हणजे मोठ्या शिडाच्या दोरानं, त्याला बाहेर फेकलं. हे उदाहरण तुम्ही देणारच होतात, म्हणून मीच देतो. पण सोडण्याच्या त्या क्षणावर तुमचा आखूड टेदर काय करणार?

मेधा_ऑकलंड: दुहेरी टेदर. दुसरा हुक लागल्याशिवाय पहिला सोडायचाच नाही.

रेवदंडेकर: बरं. आखूड, दुहेरी, मधली लाइन, टेदर कापायला छातीवर सुरी. एवढं सगळं असेल तर अडकवीन. मात्र बोट उलटायची चिन्हं दिसली की मी सोडणार.

मेधा_ऑकलंड: नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाटेत घुसली की कॅटमरान क्षणात पालथी होते. चिन्हं बघायला वेळ कोण देतो?