मुदत एक वर्षाची, पण कुठल्या कार्डाला?

'गिफ्ट कार्डाला किमान वर्षभर मुदत असतेच, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे' असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं. तो नियम बँका आणि परवानाधारक कंपन्यांच्या, वेगवेगळ्या दुकानांत चालणाऱ्या कार्डांना लागू होतो. २०२१ च्या त्या नियमांत गिफ्ट कार्डावर कमाल रक्कम १०,००० रुपये आहे, आणि त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत की रोख काढता येत नाही. पण एखादं दुकान फक्त स्वतःच्याच काउंटरवर चालणारं कार्ड काढतं, ते या चौकटीत येतच नाही. तिथे मुदत दुकानदार ठरवील ती.

हे मी म्हापशात दोन हजार घालवून शिकलो. भाच्याने नव्या नोकरीच्या आनंदात चवथीला कार्ड दिलं होतं. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या सजावटीच्या, गडबडीत ते देवघराच्या खणात गेलं, ते थेट शिमग्याला सापडलं, कुंकवाचा डाग लागलेलं. काउंटरवरच्या मुलीने ते उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: सहा महिने. मॅनेजरही आला, गोड बोलला, दिलं काही नाही. (भाच्याला अजून सांगितलेलं नाही. विचारलं तर मिक्सर घेतला म्हणून सांगणार.) आता कार्ड हातात आलं की मागची बाजू आधी वाचतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मुदतीच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर लावतो. घेताना तर सरळ विचारतो, 'पणजीच्या शाखेत चालेल ना?' कारण तिथेही काही दुकानं हात वर करतात.