इंदूरला दोन दिवस येऊन फक्त खाऊन परत जाणं बरोबर आहे का?

रामबागी

गेल्या आठवड्यात पुण्याहून मामेभाऊ आणि वहिनी आले होते. रात्रीच्या बसने शनिवारी सकाळी उतरले, रविवारी संध्याकाळी परत. निघताना भाऊ म्हणाला, "गाव झकास आहे रे, पण बघायला काही नाही." मला हे लागलं, आणि म्हणून हा धागा.

त्यांनी काय केलं ते सांगतो. शनिवारी उतरल्या उतरल्या गाडी करून मांडूचा किल्ला, तिथून नर्मदेकाठचं महेश्वर, रात्री साडेनऊला परत. साडेदहाला सराफा, म्हणजे सराफांच्या पेढ्यांसमोर रात्री भरणारा खाण्याचा बाजार. रविवारी उशिरा उठून पोहे-जलेबी, मग छप्पन्न दुकान ही खाण्याची गल्ली, मग झोप, मग बस. शनिवारी रात्री ते होळकरांच्या राजवाड्यासमोर रिक्षातून उतरले, तिथूनच सराफ्यात शिरले आणि परत तिथेच रिक्षात बसले. सात मजली वाडा डोक्यावर उभा होता, त्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही.

माझं म्हणणं दोन गोष्टींबद्दल आहे.

पहिली, मांडू आणि महेश्वर एका दिवसात करू नका. इंदूर ते मांडू सुमारे पंच्याण्णव किलोमीटर, मांडूहून घाट उतरून महेश्वर चाळीसेक, आणि महेश्वरहून इंदूर परत नव्वदच्या वर. साडेपाच-सहा तास नुसते गाडीत जातात. मांडूत जहाज महाल एकीकडे, रूपमतीचा मंडप पाच-सहा किलोमीटर लांब पठाराच्या कडेला. तिथे पोचता पोचता ड्रायव्हर घड्याळ दाखवतो. भावाने होशंगशाहच्या मकबऱ्याचा फोटो काढला, पण तो संगमरवर हाताला कसा लागतो हे त्याला सांगता आलं नाही. आत गेलाच नव्हता.

दुसरी, सराफा रात्री साडेदहाला सुरू करू नका. पाचला राजवाड्याच्या चौकात या. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये बांधायला घेतला. १९८४ च्या दंगलीत मागची बाजू जळाली, ती नंतर परत बांधली. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची दगडी स्मारकं. संध्याकाळी त्या दगडावर ऊन आडवं पडतं तेव्हा शिपायांच्या, वादकांच्या मूर्तींचे चेहरे उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तेच सगळं सपाट. मग इतवारिया बाजारातलं काच मंदिर, उघडं असेल तर. सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत, सगळीकडे काच. एवढं होईपर्यंत आठ वाजतात, सराफ आपली शटरं ओढायला लागतात आणि त्याच ओट्यांवर कढया येतात. हा बदल बघण्यासारखा असतो. साडेदहाला येणाऱ्याला फक्त गर्दी दिसते.

पाहुण्यांना पोटभर खाऊ घाला, पण गावही दाखवा. आपण इंदूरचे लोकच येणाऱ्याच्या हातात खाण्याची यादी देतो, ही आपली चूक आहे.

कोथरूडहून

मी अगदी तुमच्या मामेभावासारखाच पाहुणा आहे आणि मला तुमचं म्हणणं पटत नाही.

नोकरी करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवार मिळतो. वाडे, छत्र्या, दगडी घाट आम्ही महाराष्ट्रात लहानपणापासून बघतोय. भुट्ट्याचा कीस आम्हाला कुठे मिळतो? पाच वर्षांपूर्वी सराफ्यात खाल्लेला कीस मला आजही आठवतो. दुधात शिजून मऊ झालेला, वर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. मधेच हिरवी मिरची लागली की डोळ्यांत पाणी. त्या सहलीत पाहिलेल्या इमारतींची नावं मला आठवत नाहीत, हे खरं सांगतो. मग मी कोणती गोष्ट "पाहिली" म्हणायची?

आणि मांडू-महेश्वर आम्ही एका दिवसात केलं. पहाटे साडेपाचला निघालो, नाश्ता डब्यातून, वाटेत कुठेही थांबलो नाही. संध्याकाळी महेश्वरच्या घाटावर दिवे सोडले. बायको आजही म्हणते, लग्नानंतरचा तो सगळ्यात चांगला दिवस. परत कधी येणं होईल याची खात्री नसते. मिळतंय तेवढं घ्यावं माणसाने.

सुदामानगरवाली

मी इंदूरचीच. माझा वाद तुम्हा दोघांशीही आहे, कारण दोघंही सराफा सराफा करताय.

शनिवारी रात्री सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. मधल्या काळात तिथे मोमोज आले, चायनीज आलं, धूर निघणारी काय काय पानं आली. पाहुणे त्याच्यासमोर रांग लावतात आणि कीसवाल्याच्या पुढून निघून जातात. मंगळवार-बुधवारी या, म्हणजे कढईशी उभं राहून दोन शब्द बोलता येतात.

दुसरं म्हणजे ऋतू. मे महिन्यात माझ्या नणंदेने गराडू मागितला. गराडू हा कंद थंडीत येतो. तुकडे तळून, गरम असतानाच लिंबू आणि जिरावण (इथला कोरडा मसाला) टाकून खायचा. उन्हाळ्यात कुणी देत असेल तर तो कसला आहे हे विचारा. कीस बाराही महिने मिळतो, पण पावसाळ्यात कोवळं कणीस किसून जो होतो त्याची सर बाकीच्या दिवसांना नाही. कणीस कोवळं असेल तर किसताना हातावर दूध उडतं. जून झालं की नुसता भुगा पडतो, मग वरून दूध कितीही ओता, तो मऊ होत नाही. तूप, मोहरी, हिंग, मंद आच, आणि ढवळत राहणं. घाईचं काम नाही ते.

इंदूरचं खरं खाणं सकाळचं आहे. कोपऱ्यावरचा पोहेवाला बघा. खाली पाणी उकळतंय, त्याच्यावर पोह्यांचं पातेलं. पोहे वाफेवर राहतात म्हणून दहा वाजले तरी कोरडे पडत नाहीत. बडीशेप असते त्यात, वरून शेव, कांदा, जिरावण. तुमच्या पुण्याच्या पोह्यांपेक्षा वेगळी गोष्ट आहे ती. सातला जा, दुकानदार, कॉलेजची मुलं, फिरून आलेले आजोबा, सगळे एका पातेल्याभोवती उभे असतात. मला विचाराल तर हीच गाव बघण्याची वेळ.

नर्मदाकाठ

मंडलेश्वरहून लिहिते. महेश्वरला "संध्याकाळी दिवे सोडून परत" करणाऱ्यांना माझी एक विनंती, एक रात्र राहा.

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो इथून, महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं १८१८ मध्ये, त्या गेल्यानंतर तेवीस वर्षांनी. म्हणून इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून "इथे अहिल्याबाई बसायच्या" असं पाहुण्यांना सांगतात ते मला खटकतं. त्यांची गादी इथे आहे, किल्ल्यातल्या वाड्यात. इतकी साधी बैठक आहे की पहिल्यांदा बघणारा माणूस पुढे राजगादी शोधत राहतो.

सकाळी तिथे लिंगार्चन होतं. ब्राह्मण मातीची लहान लहान शिवलिंगं पाटावर करतात, पूजा होते आणि ती नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलंय. इंदूरहून दुपारी दोनला पोचणाऱ्याला हे कसं दिसणार? घाट उतरताना भिंतीवरची नक्षी बघा, आणि मग विणकराकडे जाऊन साडीचा काठ बघा. बऱ्याच काठांची नक्षी त्या दगडांवरूनच उचललेली आहे. दोन्ही एकाच सकाळी पाहिलं तर कुणी समजवावं लागत नाही.

रामबागी दादा, तुमचं एका दिवसात एक गाव हे बरोबर आहे. पण तुम्हीही महेश्वरला दिवसाची सहल समजूनच बोलताय.

आईबाबांसोबत

सगळे तरुण आणि धडधाकट माणसांचा विचार करून लिहिताय. माझे वडील अठ्ठ्याहत्तरचे, आईचे गुडघे गेलेले. त्यांना इंदूरला यायचं ते उज्जैन आणि ओंकारेश्वरसाठी. तीर्थाला खाण्याची यादी लागत नाही.

गेल्या वर्षी एका प्रवास कंपनीने आम्हाला दोन्ही ज्योतिर्लिंगं एका दिवसात दाखवली. उज्जैन इंदूरच्या उत्तरेला पंचावन्न किलोमीटर, ओंकारेश्वर दक्षिणेला ऐंशीच्या आसपास. म्हणजे इंदूर ओलांडून पुन्हा उलट. बाबा ओंकारेश्वरच्या रांगेत खाली बसले. त्यांना दर्शन झालं, पण मूर्ती आठवत नाही, रांग आठवते. मी त्या दिवशी स्वतःवर चिडलो, पैसे भरताना मीच "एका दिवसात होतं का" असं विचारलं होतं.

पण तुमचं "पाचला या, आठपर्यंत चाला" हेही आमच्या कामाचं नाही. राजवाडा, छत्र्या, काच मंदिर, मग गल्लीतली गर्दी. म्हाताऱ्या माणसाला तुम्ही काय दाखवणार ते सांगा.

रामबागी

आईबाबांसोबत, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो विचार केला नव्हता. मी असं करीन: राजवाडा आतून सोडून द्या. बाहेरून, चौकात रिक्षा उभी करून बघा. तिथून रिक्षानेच कृष्णपुऱ्याला. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसता येतं, आई-बाबा अर्धा तास तिथे निवांत बसू शकतात. सराफ्यात बरोबर साडेआठला पोचा, दुकानं नुकती मांडत असतात, एखाद्या बंद पेढीच्या ओट्यावर टेकायला मिळतं. साबुदाण्याची खिचडी तिथे वाफेवरची असते, तेलकट नसते, त्यांना चालेल. वर शिकंजी. आपलं लिंबूसरबत नव्हे, इंदुरी शिकंजी दुधाची, दाट, केशर-सुका मेवा घातलेली. एक ग्लास दोघांत पुरतो. साडेनऊला घरी.

उज्जैनला त्यांना एक अख्खा दिवस द्या, ओंकारेश्वरला दुसरा. एकच जमत असेल तर एकच करा.

नर्मदाकाठ, तुमची दुरुस्ती मान्य. मीही पाहुण्यांना राजवाड्यासमोर अहिल्याबाईंची गोष्ट सांगत आलोय. तिथे गोष्ट मल्हाररावांची, आणि १८१८ नंतरच्या होळकरांची सांगायला हवी.

कोथरूडहून

म्हणजे शेवटी मांडू सोडायचं का? तेवढं स्पष्ट सांगा.

रामबागी

सोडायचं नाही, पावसाळ्यात यायचं. जहाज महाल दोन तलावांच्या मधे आहे. तलाव भरलेले असतील तेव्हाच तो जहाजासारखा दिसतो. मे महिन्यात कोरड्या खड्ड्यांमधे उभी लांबलचक इमारत दिसते, आणि माणूस नावाला दोष देतो. जुलै-ऑगस्टमध्ये मांडू, थंडीत महेश्वर. दोन्ही एका सुट्टीत कोंबायची गरजच उरत नाही.

कोथरूडहून

आणि माझ्या खाण्याच्या मुद्द्याचं काय? तुम्ही त्याला बगल दिलीत. साबुदाण्याची खिचडी, उसळ-पोहे, हे मराठी माणसाने इथे आणलं आणि माळव्याने त्यावर शेव-जिरावण घातलं. होळकरांबरोबर जी घरं आली त्यांचा इतिहास मला बशीत मिळतो. तो दगडापेक्षा कमी का धरायचा?

सुदामानगरवाली

हे मात्र खरं बोललात. माझ्या सासूबाई उसळ-पोह्यांना "आपले" म्हणतात आणि शेजारच्या शर्मा काकू पण "आपलेच" म्हणतात.

रामबागी

कोथरूडहून, मी कमी धरत नाही. मी एवढंच म्हणतोय की ती बशी आणि तो वाडा यांच्यात दोन मिनिटांचं अंतर आहे, आणि माझा भाऊ ते अंतर न चालता निघून गेला. उसळ-पोहे इथे कसे आले हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्हाला बशीत इतिहास दिसतो. त्याला ते कुणी सांगितलंच नाही. मी पण नाही सांगितलं.

कोथरूडहून

ठीक. डिसेंबरात भाचीला घेऊन येतोय. शुक्रवारी रात्री साडेआठला पोचतो, म्हणजे तुमचं संध्याकाळचं ऊन काही मिळणार नाही, सरळ सराफाच. गराडू खाणार. शनिवारी महेश्वर, रात्री तिथेच मुक्काम, रविवारी सकाळी लिंगार्चन बघून दुपारी इंदूर. सोमवारी रात्रीची गाडी आहे. राजवाडा कधी?

रामबागी

सोमवारी आत जाता येत नाही, म्हणून रविवारीच करा. महेश्वरहून लवकर निघालात तर तीनला राजवाडा, पाचला छत्र्या, उन्हाच्या वेळेला. तीनला मी चौकात दाराशी उभा असतो.

सुदामानगरवाली

आणि सोमवारी सकाळी सातला पोहे. भाचीला उठवून आणा.