मदत हवी आहे: दुसरीतली लेक हातच्याच्या वजाबाकीत अडते

नमस्कार मंडळी. लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. बिनहातच्याची वजाबाकी पटापट करते, पण ५२ − २७ दिलं की उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून बाईसाहेब सरळ सातातून दोन वजा करून मोकळ्या!

गंमत म्हणजे काड्यांनी करताना चुकत नाही. रबर लावलेले दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या, की स्वतःच एक गठ्ठा सोडते, बारातून सात काढते आणि २५ सांगते. दुकान-दुकान खेळताना दहाची नोट मोडून सुटेही बरोबर मागते. वही उघडली की पुन्हा ३५. आजी म्हणते रीत पाठ करून घ्या. मला ते पटत नाही. पुढे ३०० − १४८ आलं की परत अडेलच. पण सहामाही तोंडावर आली आहे.

प्राथमिकच्या शिक्षकांनी सांगावं, काड्यांवरून कागदावर येताना मधे काय करून घेता? गठ्ठ्यांची चित्रं काढून खोडायला लावू, की काड्या हलवतानाच शेजारी अंक लिहायला सांगू? आणि ३५ + २७ करून पडताळा बघायला आत्ताच शिकवलं तर गोंधळ वाढेल का?