गरोदरपणात डेंग्यू होऊन गेल्यावर सोनोग्राफीत वारेचे (प्लासेंटाचे) आरोग्य किती कळते?

प्रश्न (धानोरा तालुका, जि. गडचिरोली)
माझ्या वहिनीला सहाव्या महिन्यात डेंग्यू झाला होता. ताप उतरला, प्लेटलेटही पूर्ववत झाल्या. आता ३२ वा आठवडा चालू असून सोनोग्राफीच्या अहवालात ‘वार ग्रेड २’ असे लिहिले आहे. विषाणूमुळे वार खराब झाली, असा याचा अर्थ होतो का? धानाच्या कापणीचे दिवस असल्याने पुन्हा तपासणीला जायचे तर घरातल्या दोघांची मजुरी बुडते, म्हणून जाणे खरोखर आवश्यक आहे का, हेही कळावे.

उत्तर (क्ष-किरणतज्ज्ञ, चंद्रपूर)
ताई, ग्रेड म्हणजे वार किती पिकली आहे हे सांगणारी ० ते ३ अशी श्रेणी. ३२ व्या आठवड्यात ग्रेड २ असणे गर्भाच्या वयाला धरूनच आहे. याच सुमारास किंवा त्याआधी ग्रेड ३ दिसली असती, तर अधिक बारकाईने पाहावे लागले असते. सोनोग्राफीत विषाणू दिसत नाही. वारेची जाडी (४ सेंटिमीटरहून अधिक असल्यास ती जाड मानतात), गर्भजल, बाळाच्या पोटाचा घेर आणि नाळेतील रक्तप्रवाहाचे डॉप्लर यांवरून वार आपले काम नीट करते आहे की नाही, याचा अंदाज येतो. मात्र एका तपासणीवर निश्चिंत होता येत नाही, कारण कोविडच्या साथीत काही मातांच्या वारेत फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) साचून तिचा मोठा भाग थोड्या काळात निकामी झाल्याचे प्रसूतीनंतरच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत आढळले होते. डेंग्यूत असेच घडते असे मी म्हणत नाही. परंतु बाळाची वाढ दोन मोजमापांच्या तुलनेतूनच कळते, आणि त्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर लागते. म्हणून आणखी एकदा डॉप्लरसह तपासणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (निवृत्त आरोग्य सहायिका, यवतमाळ)
डॉक्टरांचे म्हणणे योग्यच आहे, पण आपल्या भागात सगळा दोष डेंग्यूवर टाकून चालत नाही. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हिवताप, रक्तक्षय आणि वाढलेला रक्तदाब यांनीही बाळाची वाढ खुंटते, आणि यांवर वेळीच उपाय करता येतात. वहिनींची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

प्रश्नकर्ती
कार्डावर तशी नोंद दिसत नाही. हिमोग्लोबिन ९ आहे.

उत्तर (निवृत्त आरोग्य सहायिका, यवतमाळ)
मग ती तपासणी आधी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी सिकलसेल, रक्तदाब आणि पुढच्या सोनोग्राफीची चिठ्ठी ही तिन्ही कामे एकाच फेरीत होतील का, हे आशाताईंकडून आधी विचारून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी संस्थेतील तपासण्या विनामूल्य असतात. जुना अहवाल सोबत न्यावा, कारण त्यावाचून तुलना होत नाही. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर ९ तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करून त्याच दिवशी जिल्ह्याच्या महिला रुग्णालयात न्यावे.